पोटातला गोळा आणि औषधाची गोळी

फराळाच्या ताटाशेजारी औषधाच्या गोळ्यांवरचा लेख आला म्हणजे काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, हे मी धरून चाललो आहे. पण दिवाळी अंक घरातल्या सर्वांच्या हातांतून फिरतो, आणि ज्या घरांतून तो फिरतो त्यांपैकी कितीतरी घरांत कपाटातल्या साड्यांच्या घडीमागे किंवा देवघराखालच्या खणात गोळ्यांची एखादी पट्टी असते. तिच्याविषयी सर्वांना ठाऊक असते आणि कुणीच बोलत नाही. रक्तदाबाची गोळी जेवणाच्या टेबलावर राजरोस बसते. मधुमेहाची गोळी तर पाहुण्यांसमोर, 'काय करणार, आता हीच सोबत' असे म्हणत, थोड्या ऐटीनेही घेतली जाते. मनाच्या धास्तीवरची गोळी मात्र स्वयंपाकघरात पाठ वळवून गिळली जाते. असे का व्हावे? वैद्यकातले जाणकार याचे उत्तर आपल्या परीने देतील. मी कादंबऱ्या लिहिणारा आणि मुलांना भाषा शिकवणारा माणूस. मला या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर पुस्तकांत सापडते. या गोळीचे जे चित्र आपल्या मनात आहे, ते पुष्कळसे कथाकादंबऱ्यांनी आणि नाटकसिनेमांनी काढलेले आहे. ते अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणाची किंमत आजारी माणसाला द्यावी लागते, असे माझे म्हणणे आहे.

आपल्या भाषेला भीती ठाऊक नाही असे मात्र कुणी म्हणू नये. घोर, धास्ती, धसका, धाकधूक, हुरहुर, काहूर असे एकेक नेमके शब्द आपल्यापाशी आहेत. छातीत धस्स होते, हातपाय गळतात, जीव टांगणीला लागतो, पोटात गोळा येतो. भीती शरीराच्या कोणत्या भागात कशी उतरते याचा नकाशाच आपल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी बोलण्यातून काढून ठेवला आहे. चिता आणि चिंता यांत एका अनुस्वाराचे अंतर, हे वाक्य शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून किती वेळा लिहिले गेले असेल! समर्थांनी तर मनालाच समोर बसवून दोनशे पाच श्लोकांत त्याची समजूत घातली. पण आपले हे बहुतेक शब्द प्रसंगाच्या भीतीचे आहेत. परगावी गेलेल्या मुलाचा फोन आला, परीक्षेचा निकाल लागला, की पोटातला गोळा विरघळतो. जी भीती कारणावाचून येते, महिनोन्महिने हलत नाही, झोप आणि भूक खाऊन टाकते, आणि जिला डॉक्टर आजार म्हणतात, तिला आपल्याकडे घरगुती नाव नाही. आपण तिला 'टेन्शन' म्हणतो आणि मोकळे होतो. ज्या दुखण्याला नाव नाही त्याचे औषध उघडपणे कसे घ्यावे?

या औषधांचा पहिला मोठा बोभाटा अमेरिकेत झाला, आणि त्यांच्यावरचे बरेच लेखनही आधी इंग्रजीत झाले. त्यातली तीन पुस्तके मी येथे विचारासाठी घेत आहे. एक कादंबरी आहे, दोन आत्मकथने आहेत. तिघांमध्ये मिळून ब्याऐंशी वर्षांचे अंतर आहे, आणि एकाच गोळीची तीन निरनिराळी रूपे त्यांत दिसतात.

पहिले पुस्तक म्हणजे आल्डस हक्स्ले यांची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' ही १९३२ सालची कादंबरी. तिच्यातल्या भविष्यकाळात माणसे कारखान्यात तयार होतात आणि कुणालाही दुःख करण्याची मुभा नसते. मन जरा खट्टू झाले की 'सोमा' नावाची गोळी घ्यायची. हे नाव आपल्याकडचेच आहे. ऋग्वेदाचे सबंध नववे मंडल ज्या सोमाच्या स्तुतीला वाहिलेले आहे, त्याचे नाव या इंग्रज लेखकाने एका सरकारी गुंगीला दिले. कादंबरीचा नायक जॉन या गोळीचा धिक्कार करतो आणि दुःखी होण्याचा आपला हक्क मागतो. तो प्रसंग वाचताना आपण सारे जॉनच्या बाजूने उभे राहतो. हक्स्लेंच्या लेखणीचा तो विजय आहे, यात शंका नाही.

मात्र टीकाकाराने येथे थांबून एक साधा प्रश्न विचारायला हवा. सोमा घेणारी ही माणसे आजारी आहेत काय? नाहीत. ती धडधाकट आहेत आणि विचार टाळण्यासाठी गोळी घेतात. सबंध कादंबरीत जिला रुग्ण म्हणता येईल अशी बाई एकच, ती म्हणजे जॉनची आई लिंडा. परक्या मुलखात टाकून दिलेली, अपमानाने आणि दारूने पोखरलेली ही बाई परत येते आणि सोमाखेरीज काहीही मागत नाही. डॉक्टर तिला हवी तितकी गोळी देतो. तिचे आयुष्य त्याने कमी होणार हे त्याला माहीत असते, पण गावाच्या दृष्टीने ती निकामी झालेली असते. ती अंथरुणात मरते. मला विचाराल तर कादंबरीतली खरी शोकांतिका ही आहे. हक्स्ले मात्र तिच्याजवळ फार वेळ बसत नाहीत. त्यांना जॉनचे भाषण लिहायची घाई आहे. पुढच्या पिढ्यांनी या पुस्तकातून जॉन उचलला आणि लिंडा मागे ठेवली. 'गोळी घेणे म्हणजे शरणागती' हे मत वाचकाच्या मनात जे रुजले ते तेथून. डोकेदुखीवर गोळी घेणाऱ्याला कुणी शरण गेलास असे म्हणत नाही, हे त्या उत्साहात विसरले गेले.

कादंबरी आली तेव्हा तसली गोळी दुकानात मिळत नव्हती. ती १९५५ मध्ये आली. फ्रँक बर्जर या शास्त्रज्ञाच्या संशोधनातून निघालेले मेप्रोबामेट हे औषध 'मिलटाऊन' या नावाने विकले जाऊ लागले. न्यू जर्सीतल्या एका खेड्याचे ते नाव. अमेरिकेतले नट, विनोदवीर, व्यापारी सगळे तिच्यामागे लागले. १९५९ सालच्या 'लाइफ स्टडीज' या संग्रहातल्या एका कवितेत रॉबर्ट लोवेल या मोठ्या कवीनेही तिचे नाव घातले. त्याच सुमारास त्याच कंपनीने स्नायूंच्या दुखण्यावरचे एक औषध काढले आणि त्याचे नाव ठेवले 'सोमा'! ते पोटात गेल्यावर त्यातल्या काही भागाचे मेप्रोबामेटच होते. हक्स्लेंनी जे नाव उपहासाने ठेवले होते ते दुकानदाराने बिनदिक्कत डबीवर छापले. पुढे लिओ स्टर्नबाख यांनी रोश कंपनीच्या न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेत नव्या जातीचे औषध शोधले. त्यातून १९६० मध्ये लिब्रियम आणि १९६३ मध्ये व्हॅलियम बाजारात आले. व्हॅलियम म्हणजेच डायझेपाम. १९६९ पासून १९८२ पर्यंत अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दुसरे कोणतेही औषध इतके लिहून दिले नाही. एकट्या १९७८ सालात त्याच्या दोन अब्जांवर गोळ्या खपल्या.

दुसरे पुस्तक या लाटेच्या ऐन माथ्यावर आले. बार्बरा गॉर्डन या बाईंचे 'आय'म डान्सिंग ॲज फास्ट ॲज आय कॅन' हे आत्मकथन १९७९ सालचे. न्यूयॉर्कमध्ये दूरचित्रवाणीसाठी अनुबोधपट करणारी, पारितोषिके मिळवलेली ही कर्तबगार बाई. व्हॅलियम तिला डॉक्टरनेच दिलेले. वर्षे गेली तशी मात्रा वाढत गेली, आणि तरीही रस्त्यावर, दुकानात, कुठेही भीतीचे झटके येऊ लागले. एके दिवशी ती ठरवते, पुरे झाले. मानसोपचारतज्ज्ञ तिला सांगतो की एकदम बंद कर, एकही घेऊ नकोस. ती तसे करते आणि कोसळते. ज्या पुरुषाबरोबर ती राहत होती तो मदत करण्याऐवजी तिला घरातच कोंडून ठेवतो, मारतो. शेवटी इस्पितळ, मग दुसरे इस्पितळ, आणि तिथून पायरी पायरीने वर येणे.

हे पुस्तक वाचताना झोप उडते. भाषा धावती आहे, कुठे कुठे भाबडीही आहे, पण जे सोसले ते बाई लपवीत नाहीत. १९८२ मध्ये त्यावर चित्रपट निघाला. त्यात जिल क्लेबर्गने ही भूमिका केली. अनेकांनी या कहाणीतून एकच धडा घेतला, की गोळी राक्षसीण आहे. मला हा धडा उतावळा वाटतो. पुस्तक नीट वाचले तर त्यात राक्षस एकच नाही. कशासाठी आणि किती दिवस हे न ठरवता वर्षानुवर्षे चिठ्ठी लिहीत गेलेला डॉक्टर आहे. एका दिवसात बंद करण्याचा सल्ला आहे. आणि घरात एकही शहाणे माणूस नसणे आहे.

डायझेपामच्या जातीच्या औषधांची करणी थोडक्यात अशी. मेंदूत गाबा नावाचे एक द्रव्य असते. मज्जापेशी फार उधळू नयेत म्हणून लगाम ओढण्याचे काम त्याच्याकडे. ही गोळी त्या लगामाची पकड घट्ट करते, म्हणून तासाभरातच पोटातला गोळा विरघळू लागतो. परंतु ती रोज घेत राहिले की काही आठवड्यांत मेंदू त्या बाहेरच्या हाताला सरावतो आणि स्वतःचा लगाम ढिला सोडतो. मग बाहेरचा हात एकाएकी निघाला की घोडा उधळतो. झोप उडते, थरकाप होतो, भीती पूर्वीपेक्षा दुणावते, कधी फेफरेही येते. म्हणून आज जाणते डॉक्टर अशी गोळी शक्यतो थोड्या दिवसांसाठी देतात, आणि दीर्घकाळ घेणाऱ्याची ती उतरवायची असेल तर आठवडे, कधी महिने लावून मात्रा कमी करतात. गॉर्डनबाईंची सबंध शोकांतिका या एका वाक्याच्या अज्ञानावर उभी आहे. पण चित्रपट पाहून उठलेल्या प्रेक्षकाला एवढेच आठवते की गोळी वाईट. आणि त्यातला एखादा घरी जाऊन आपली चालू गोळी त्याच रात्री मोरीत फेकून देतो. ज्या चुकीने बाई बुडाली तीच चूक तिच्या कहाणीने घाबरलेला माणूस करतो, हा केवढा विपर्यास!

तिसरे पुस्तक स्कॉट स्टॉसेल यांचे, 'माय एज ऑफ अँग्झायटी', २०१४ सालचे. 'द अटलांटिक' या जुन्या आणि वजनदार मासिकाचे हे संपादक. वरकरणी यशस्वी गृहस्थ. आत मात्र लहानपणापासून भीतीचे बिऱ्हाड. विमानाची भीती, कोंडलेल्या जागेची भीती, सभेत बोलण्याची भीती, चीजची देखील भीती, आणि सर्वांत मोठी भीती ओकारीची. १९७७ च्या मार्च महिन्यानंतर आपल्याला एकदाही ओकारी झालेली नाही, हे ते तारखेसकट सांगतात; आणि तरीही आयुष्यभर ते तिच्याच धाकात जगले. स्वतःच्या लग्नात उभे असताना ते घामाने निथळतात, लटलटतात आणि जिच्याशी लग्न चालले आहे तिनेच त्यांना सावरून धरलेले असते. हार्वर्डमध्ये डीन असलेले त्यांचे पणजोबा याच व्याधीने मनोरुग्णालयात राहून आले होते. स्टॉसेलांनी औषधांच्या किती जाती घेतल्या याची यादी लांबच लांब आहे. काही उपयोगी पडली, काही नाही, काही थोडे दिवस पडली.

या पुस्तकात उणिवा आहेत आणि त्या सांगितल्या पाहिजेत. लेखकाला जे जे ठाऊक आहे ते सर्व त्याने भरले आहे. ग्रीक वैद्यांपासून डार्विनच्या पोटदुखीपर्यंत इतिहासाची पाने येत राहतात आणि मधूनच माणूस हरवतो. विनोद फार आहे. काही ठिकाणी तो दुःखावर टाकलेल्या चादरीसारखा वाटतो. भाषणाआधी गोळीबरोबर मद्याचा घोट घेण्याची आपली सवय ते सांगतात, ती धोक्याची आहे हेही सांगतात. पण त्यांच्या गमतीदार शैलीत तो धोका फिका पडतो. ही दोन्ही एकत्र आली की श्वास मंदावून माणूस दगावू शकतो, हे भारतीय वाचकाने ठळक अक्षरांत वाचलेले बरे. शिवाय इतके डॉक्टर बदलणे ज्याला परवडते त्याची ही कहाणी आहे.

असे असूनही या तिघांत मी या पुस्तकाला वरचा मान देतो, आणि तो एका कारणासाठी. यात लेखक बरा होत नाही आणि नष्टही होत नाही. तो गोळी घेतो, कामावर जातो, मुलांना वाढवतो, घाबरतो, पुन्हा डॉक्टरकडे जातो. गोळीने आपल्यातले खरे काही हिरावले जाते काय, हा जॉनचा प्रश्न त्यालाही पडतो. फरक इतकाच की जॉन तो व्यासपीठावरून विचारतो आणि हा रात्री तीन वाजता, हातात गोळी घेऊन विचारतो. हक्स्लेंची गोळी हा स्वर्ग होता, गॉर्डनबाईंचा तो पाताळाचा जिना झाला. स्टॉसेलांच्या हाती ती नुसती गोळी होते. साहित्यात या रूपाला जागा मिळायला इतकी वर्षे लागली.

ती का लागली, हे मी माझ्या धंद्याच्या अनुभवावरून सांगू शकतो. कादंबरीला घटना हवी असते. झोपेच्या गोळ्यांची रिकामी बाटली उशाशी सापडली की प्रकरण संपवता येते. नाटकाचा पडदा पाडता येतो. आमच्या मराठी कथांतून आणि हिंदी चित्रपटांतून ही बाटली किती वेळा घरंगळली आहे, याचा हिशेब वाचकांनीच करावा. याउलट, आज भीतीच्या आजारावर डॉक्टर जी औषधे बहुधा प्रथम निवडतात, एसिटालोप्रामसारखी, त्यांत घटना घडतच नाही. ती घेतल्यावर पहिले काही दिवस मळमळते, कधी धाकधूक थोडी वाढतेसुद्धा. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. त्यांची चटक लागत नाही, पण तीही डॉक्टरला विचारूनच हळूहळू सोडायची असतात. आणि गुण येतो म्हणजे काय होते? एका सकाळी माणसाच्या लक्षात येते की आज बसमध्ये चढताना आपण दाराजवळची जागा शोधली नाही. एवढेच! या 'एवढेच'मध्ये सबंध आयुष्य बदललेले असते, पण ते लिहायला फार सूक्ष्म लेखणी लागते. बाटली घरंगळवणे सोपे.

मराठीत मनाच्या आजाराकडे सहृदयतेने पाहण्याचे काम अलीकडे चित्रपटांनी केले, हे मी कादंबरीकार असूनही कबूल करतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' २००४ मध्ये आला. स्किझोफ्रेनिया झालेला माणूस, त्याची बहीण, उपचार आणि घर यांचे त्यातले चित्र विसरता येत नाही. त्याच जोडीच्या 'कासव'ला २०१६ सालचे सुवर्णकमळ मिळाले. त्यात नैराश्याने ग्रासलेल्या मुलाला कुणी उपदेश करीत नाही, नुसते जवळ ठेवून घेते. चिंतेचा आजार मात्र या दोन्हींपेक्षा कमी 'दिसणारा' आहे. तो माणसाला वेडा ठरवीत नाही आणि अंथरुणालाही खिळवीत नाही. ठाणे किंवा येरवडा ही गावांची नावे शाळेच्या मैदानावर शिवीसारखी वापरत आम्ही सारे वाढलो. त्यामुळे 'आपण काही तसले नाही' हे सिद्ध करण्यातच असा रुग्ण आयुष्य घालवतो. त्याच्यावर नाटक कोण लिहिणार?

न लिहिण्याचे परिणाम मात्र औषधाच्या दुकानाच्या फळीवर दिसतात. एकीकडे, शेजारच्या वहिनींना ज्या गोळीने बरे वाटले तीच पट्टी दाखवून 'हीच द्या' म्हणणारे आहेत. अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारख्या गोळ्यांसाठी आपल्याकडे २०१३ मध्ये एच-१ नावाची स्वतंत्र अनुसूची झाली. चिठ्ठीवाचून त्या विकू नयेत, विकल्यावर रुग्णाचे, डॉक्टरचे नाव आणि किती गोळ्या दिल्या ते निराळ्या वहीत लिहावे, ती वही तीन वर्षे जपावी, असा नियम आहे. नियम चांगला, पण वहिनींच्या पर्समधली उरलेली पट्टी कोणत्या वहीत येणार? दुसरीकडे ज्यांना डॉक्टरने विचारपूर्वक औषध दिले ते चार दिवसांत सोडणारे आहेत. कारण कुणी मावशी म्हणते, 'अगं, सवय लागेल'. कुणी काका म्हणतात, 'मन खंबीर कर, गोळ्या कसल्या घेतेस!' वहिनी सोमाच्या पक्षाची, मावशी-काका जॉनच्या पक्षाचे. त्या सर्वांनी हक्स्ले वाचलेले नाहीत, पण पुस्तकांतली चित्रे न वाचणाऱ्यांच्याही घरात शिरतात. मधल्यामध्ये ज्या मुलीला रात्रभर छातीत धडधडते तिचे कुणी ऐकत नाही. गोळीबरोबर बोलून करायचे उपचारही असतात, आणि अनेकांना तेच पुरतात, ही गोष्ट तर या भांडणात कुणाच्या कानावरच जात नाही.

मराठी कादंबरीला येथे मोठे रान मोकळे आहे. मला जी कादंबरी वाचायची आहे तिच्यातली बाई सांगलीसारख्या गावात एखाद्या पतपेढीत काम करते. सकाळच्या चहानंतर ती एक गोळी घेते आणि दर दोन महिन्यांनी डॉक्टरकडे जाते. तिच्या मुलीला स्थळे येऊ लागली आहेत. पाहुण्यांना सांगायचे की नाही, यावरून नवराबायकोत शब्दाला शब्द लागतो. सासूबाई म्हणतात, सांगू नका. आणि मग एका दुपारी, भाजी निवडता निवडता, आपल्या आईला काय होत असे आणि तिला कुठे ठेवले होते, ते त्या सुनेला पहिल्यांदा सांगतात. कादंबरीचे सारे नाट्य तेथे आहे. गोळी दुसऱ्या प्रकरणात एकदा येईल, आणि तिसऱ्या प्रकरणापासून नाकावरच्या चष्म्यासारखी ती वाचकाच्या लक्षातही राहणार नाही. ज्या दिवशी असे पुस्तक लिहिले जाईल त्या दिवशी साड्यांमागची ती पट्टी निदान जेवणाच्या टेबलापर्यंत येईल.